गॉलवेचे लिंच: वंशवृक्ष आडवा वाचताना

फ्रान्समधील बोर्दो शहराच्या उत्तरेला, जिरोंदच्या खाडीकाठी, पोइयाक नावाचे छोटे गाव आहे. तेथील दोन द्राक्षमळ्यांच्या बाटल्यांवर ‘लिंच’ हे आयरिश आडनाव आजही छापले जाते. एक मळा लिंच-बाज आणि दुसरा लिंच-मूसा. १८५५ साली बोर्दोच्या मद्यांची जी प्रसिद्ध प्रतवारी ठरवण्यात आली, तिच्यात या दोन्ही मळ्यांना पाचव्या श्रेणीत स्थान मिळाले. मात्र लिंच-बाजचा मळा तोवर लिंच घराण्याच्या हातून केव्हाच गेला होता. १८२४ साली तो एका स्विस व्यापाऱ्याला विकला गेला आणि विसाव्या शतकात काझ कुटुंबाकडे आला. मधल्या काळात तो जुरीन या नव्या मालकाच्या नावाने ओळखला गेला, तरी पुढे लिंच हेच नाव परत आले, कारण त्या नावाला बाजारात पत होती.

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील गॉलवे या बंदरातून निघालेले हे घराणे मला गेली काही वर्षे सोडायला तयार नाही. त्यांचा वैभवकाळ, त्यांची उतरती कळा आणि परदेशांत पुन्हा बसलेले त्यांचे बस्तान यांविषयी जे काही वाचायला मिळाले, ते वाचताना माझे एक मत पक्के होत गेले. वंशावळ आपण नेहमी वरून खाली वाचतो. बाप, मग मुलगा, मग नातू. सरदार-जमीनदारांच्या बाबतीत ते ठीक आहे, कारण तेथे जमीन त्याच वाटेने खाली उतरते. व्यापारी घराण्याचा वंशवृक्ष मात्र आडवा वाचावा लागतो. पैसा कोठून आला हे बापाच्या नावावरून क्वचितच कळते. ते पत्नीच्या माहेरावरून, मेहुण्याच्या गलबतावरून आणि परक्या बंदरात बसलेल्या चुलतभावाच्या पेढीवरून कळते.

गॉलवेची जागाच अशी आहे की तेथे व्यापाऱ्याशिवाय दुसऱ्या कोणाचे राज्य चालणे कठीण होते. कॉरिब नदी जेथे समुद्राला मिळते, तेथे तेराव्या शतकात द बर्ग घराण्यातील अँग्लो-नॉर्मन सरदारांनी किल्ला बांधला आणि १२७० च्या सुमारास गावाभोवती तट उभारण्यास सुरुवात झाली. तटाच्या आत इंग्रजी बोलणारे, इंग्लंडच्या राजाचे नाव घेणारे व्यापारी राहत, तर तटाबाहेर पश्चिमेला ओफ्लाहर्टी आणि पूर्वेला द बर्गांचेच वंशज. हे वंशज काळाच्या ओघात आयरिश रीतीभातींत पूर्ण मुरले होते आणि राजाला फारसे जुमानत नव्हते. डब्लिनकडे जाणारा रस्ता लांबचा आणि धोक्याचा होता. त्यामुळे गॉलवेच्या दृष्टीने जवळचा शेजारी म्हणजे बोर्दो, लिस्बन किंवा स्पेनमधील एखादे बंदर. कातडी, लोकर, चरबी, खारवलेले हेरिंग आणि सामन मासे गलबतात भरायचे आणि येताना मद्याची पिंपे, मीठ आणि लोखंड आणायचे, असा हा धंदा कित्येक पिढ्या चालला.

या व्यापारावर १४ घराण्यांचा ताबा होता. अथी, ब्लेक, बॉडकिन, ब्राउन, डार्सी, डीन, फॉन्ट, फ्रेंच, जॉइस, कर्वन, लिंच, मार्टिन, मॉरिस आणि स्केरेट ही ती घराणी. त्यांत लिंच सर्वांत पुढे होते. त्यांचे खरे नशीब उघडले ते १४८४ साली. त्या वर्षी डॉमिनिक लिंच याच्या खटपटीने राजा तिसरा रिचर्ड याने गॉलवेला सनद दिली. तिच्यामुळे गावाला स्वतःचा महापौर निवडण्याचा अधिकार मिळाला आणि द बर्ग सरदारांना परवानगीवाचून तटाच्या आत पाऊल टाकण्यास मनाई झाली. पहिला महापौर झाला डॉमिनिकचा भाऊ पिअर्स आणि त्याच्यामागून स्वतः डॉमिनिक. त्याच सुमारास डॉमिनिकचा मुलगा स्टीफन याने पोप आठवा इनोसंट याच्याकडून आज्ञापत्र मिळवले. त्या आज्ञापत्राने सेंट निकोलस चर्चचा कारभार तूअमच्या आर्चबिशपच्या हातून काढून गावकऱ्यांनी नेमलेल्या धर्मगुरूंकडे सोपवण्याच्या व्यवस्थेवर शिक्कामोर्तब झाले. राजाची सनद बापाने आणली आणि पोपची मान्यता मुलाने. एका पिढीच्या अवधीत एका कुटुंबाने गावाचा राज्यकारभार आणि धर्मकारभार दोन्ही आपल्या माणसांच्या पंखाखाली आणले, ही गोष्ट मला फार लक्षणीय वाटते.

१४८४ पासून १६५४ पर्यंत लिंच आडनावाचे ८४ महापौर होऊन गेले असे गॉलवेत सांगतात. आकडा भव्य आहे, पण तो एका घराचा आकडा नव्हे. सोळाव्या शतकापर्यंत गॉलवेत लिंच इतके झाले होते की नुसते ‘जॉन लिंच’ म्हणून भागतच नसे. म्हणून कागदोपत्री माणसाच्या नावापुढे ‘फिट्झ’ लावून बापाचे नाव जोडत, जसे जेम्स लिंच फिट्झ स्टीफन म्हणजे स्टीफनचा मुलगा जेम्स. आपल्याकडच्या मधल्या नावासारखीच ही सोय होती आणि तिच्यामुळे संशोधकाचे काम बरेच हलके होते. गॉलवेच्या नगरपालिकेची १४८५ ते १७०९ या काळातील नोंदवही आज तेथील विद्यापीठात जपून ठेवलेली आहे. तिच्यात वर्षामागून वर्षे ही फिट्झची नावे येत राहतात आणि त्यांच्या आधारे बापलेकांची साखळी बऱ्यापैकी जुळवता येते. आयांची नावे मात्र त्या साखळीत येत नाहीत.

माझा मुख्य आक्षेप नेमका येथे आहे. ही १४ घराणी पिढ्यानुपिढ्या एकमेकांतच सोयरिकी करत राहिली. लिंचांच्या मुली ब्लेकांकडे, ब्लेकांच्या फ्रेंचांकडे, फ्रेंचांच्या पुन्हा लिंचांकडे. कॅथलिक धर्मनियमांनुसार चौथ्या पायरीपर्यंतच्या नात्यात विवाहाला मनाई होती आणि त्यासाठी चर्चकडून खास सवलत मागावी लागे. एवढ्याशा तटबंदीत मोजक्या घराण्यांना ही अडचण वारंवार येणे अपरिहार्यच होते. तरीही ती लग्ने होत राहिली, कारण प्रत्येक लग्न हा एक व्यापारी करारही होता. गलबत एकट्याने भरण्याची ताकद फार थोड्यांकडे असे. चौघांनी मिळून माल भरायचा, जोखीम वाटून घ्यायची, परक्या बंदरात आडत्या म्हणून घरातलाच कोणी बसवायचा आणि उधारीची वेळ आली की सासऱ्याच्या नावावर पत उभी करायची, अशी ती व्यवस्था होती. समुद्रापलीकडे पाठवलेला माल बुडाला की कोणी फसवले हे कळायलाच महिने लागत. अशा धंद्यात परका माणूस परवडत नाही. म्हणून ज्या वंशावळीत सुनांची आणि जावयांची नावे गाळलेली असतात, ती वंशावळ घराण्याच्या नाड्या कोणाच्या हातात होत्या हेच सांगत नाही.

गॉलवेच्या शॉप स्ट्रीटवर ‘लिंचेस कॅसल’ नावाची दगडी इमारत अजून उभी आहे. नावात किल्ला असला तरी ती वास्तविक श्रीमंत व्यापाऱ्याची तटबंद हवेली आहे. १९३० पासून तेथे बँकेची शाखा आहे. तिच्या दर्शनी भिंतीवरील कोरीवकाम पाहिले की या घराण्याची राजकीय नजर कळते. एका ठिकाणी राजा सातवा हेन्री याची राजचिन्हे आहेत, दुसऱ्या ठिकाणी किल्डेअरच्या फिट्झजेराल्ड सरदाराचे चिन्ह आहे आणि वर्तुळात स्वतः लिंचांचे. किल्डेअरचा सरदार तेथे कशाला, असा प्रश्न सहज पडतो. १५०४ साली क्लॅनरिकार्डच्या बर्क (द बर्गांच्याच वंशातील) सरदाराने गॉलवेवर कब्जा केला होता आणि गावाजवळच नॉकडोच्या लढाईत किल्डेअरच्या सरदाराने त्याचा मोड केला. ज्याने वाचवले त्याचे चिन्ह घरावर कोरून ठेवण्यात कृतज्ञता होती, आणि आपण कोणाच्या बाजूचे आहोत हे तटाबाहेरच्यांना कायमचे बजावून ठेवण्याची सावधगिरीही होती. १५१८ मध्ये गावाने केलेला नियम प्रसिद्धच आहे. ‘ओ’ किंवा ‘मॅक’ लावणाऱ्या कोणाही आयरिश माणसाने गॉलवेच्या रस्त्यांतून मिरवू नये, असे त्यात म्हटले होते.

अशा घराण्याला मग मूळपुरुषही तोलामोलाचा लागतो. लिंचांच्या कुलचिन्हावर तीन त्रिदळ पाने आणि लिंक्स हे रानमांजर आहे. त्यावरून अशी कथा रचली गेली की हे घराणे मूळचे ऑस्ट्रियातील लिंझ शहराचे, तेथे त्यांच्या एका पूर्वजाने वेढ्यात शहर लढवले आणि रानातला पाला खाऊन दिवस काढले. जेम्स हार्डिमन याने १८२० साली प्रसिद्ध केलेल्या गॉलवेच्या इतिहासात ही कथा नोंदवली आहे. तिला पुरावा नाही. नावांच्या साम्यावर बेतलेल्या अशा कथा युरोपभर अनेक घराण्यांनी पदरी बाळगल्या होत्या. लिंच तेराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून गॉलवेत होते आणि बहुधा इतर अँग्लो-नॉर्मन लोकांबरोबर आले, एवढेच खात्रीने म्हणता येते आणि मला ते पुरेसे वाटते.

दुसरी कथा अधिक गाजलेली आहे. जेम्स लिंच फिट्झ स्टीफन हा १४९३ साली महापौर असताना त्याच्या मुलाने एका स्पॅनिश पाहुण्याचा खून केला आणि कोणी फाशी देण्यास धजेना तेव्हा बापानेच मुलाला घराच्या खिडकीतून फासावर लटकवले, असे सांगतात. ती ‘खिडकी’ मार्केट स्ट्रीटवर प्रवाशांना दाखवतातही. मात्र तेथील कवटी आणि हाडे कोरलेल्या शिळेवर १६२४ हे साल आहे आणि कथा सांगणारा लेख तर १८५४ मध्ये बसवलेला आहे. समकालीन पुरावा कोणताच नाही. तरीही या कथेत व्यापारी गावाचे अंतःकरण दिसते असे मला वाटते, कारण परदेशी व्यापाऱ्याच्या जिवाची हमी हीच गॉलवेची सर्वांत मोठी ठेव होती.

सतराव्या शतकात हे सारे डोलारे एकापाठोपाठ एक कोसळले. इंग्लंडचे राज्य प्रॉटेस्टंट झाले होते आणि गॉलवेची घराणी कॅथलिकच राहिली होती. तरी काही काळ निभावले. सर हेन्री लिंच यांना १६२२ मध्ये बॅरोनेट हा किताब मिळाला आणि घराण्याचा पैसा हळूहळू गलबतांतून निघून कर्जात अडकलेल्या आयरिश सरदारांच्या गहाण जमिनींत गुंतू लागला. पण १६४१ च्या उठावानंतर सुरू झालेल्या युद्धात इंग्लंडच्या पार्लमेंटचा सेनापती क्रॉमवेल याची फौज आयर्लंडभर पसरली. ऑगस्ट १६५१ पासून एप्रिल १६५२ पर्यंत गॉलवेला वेढा पडला होता. सर चार्ल्स कूट याच्यापुढे गावाने शरणागती पत्करली. शरणागतीच्या अटी कागदावर बऱ्या होत्या, पण त्या पाळल्या गेल्या नाहीत. थॉमस लिंच फिट्झ अँब्रोज हा त्या जुन्या परंपरेतील शेवटचा महापौर. १६५४ मध्ये जुनी नगरपालिका मोडून कर्नल पीटर स्टबर्स याला महापौर करण्यात आले आणि कॅथलिक कुटुंबांना घराबाहेर काढण्यात आले. विजेत्या सैनिकांनी या आपसांत घट्ट बांधलेल्या घराण्यांना हेटाळणीने ‘टोळ्या’ म्हटले असे हार्डिमन सांगतो. पुढे त्याच घराण्यांनी ते नाव अभिमानाने मिरवले.

या विनाशाच्या उंबरठ्यावर गॉलवेत जे बौद्धिक काम झाले, त्यापाशी मी दरवेळी थांबतो. १६४९–५० मध्ये, गावात प्लेग माणसे नेत असताना, दुवाल्तख मॅक फिर्बिशिग हा वंशपरंपरागत इतिहासकार सेंट निकोलसच्या कॉलेजात बसून आयर्लंडच्या गेलिक घराण्यांच्या वंशावळींचा महाग्रंथ हाताने लिहून काढत होता. गॉलवेतच जन्मलेला विद्वान धर्मगुरू जॉन लिंच हा त्याचा स्नेही. हा जॉन १६५२ मध्ये फ्रान्सला निघून गेला आणि आयर्लंडची निंदा करणाऱ्या बाराव्या शतकातील जेराल्ड ऑफ वेल्स याला उत्तर देणारा लॅटिन ग्रंथ त्याने १६६२ मध्ये प्रसिद्ध केला. त्याच काळात गॉलवेचा एक भलामोठा चित्रमय नकाशाही तयार झाला. त्यावर रस्ते, बुरूज आणि चर्च यांच्याबरोबर १४ घराण्यांची कुलचिन्हे रेखाटलेली आहेत. ज्या व्यापाऱ्यांच्या पूर्वजांनी ‘ओ’ आणि ‘मॅक’ना रस्त्यावर फिरू दिले नव्हते, त्यांच्याच गावात आणि त्यांच्याच वंशजाच्या मैत्रीत गेलिक वंशावळींना आसरा मिळाला. दोन्ही समाजांवर एकच संकट आले होते आणि जे हातून जाणार ते निदान लिहून ठेवावे ही कळकळ दोघांचीही होती, असे मी समजतो.

राजा दुसरा चार्ल्स परतल्यावर थोडे काही परत मिळाले, त्याच्यानंतरचा कॅथलिक राजा दुसरा जेम्स याच्या काळात पुन्हा कॅथलिक महापौर आला, पण जुलै १६९१ मध्ये ऑक्रिमच्या लढाईत जेम्सच्या पक्षाचा निर्णायक पराभव झाला आणि काही दिवसांतच गॉलवे पुन्हा शरण गेले. त्यानंतरचे दंडक कायदे तर थेट कुटुंबाच्या रचनेवरच घाव घालणारे होते. १७०४ च्या कायद्यानुसार कॅथलिक माणसाची जमीन त्याच्या सर्व मुलांत सारखी वाटली जाई. मात्र थोरला मुलगा प्रॉटेस्टंट झाला तर सगळी त्याला. नव्या कॅथलिकांना गॉलवेत येऊन राहण्यास मनाई झाली, जमीन विकत घेण्यास बंदी झाली आणि ३१ वर्षांपेक्षा अधिक मुदतीचा भाडेपट्टा घेता येईना. म्हणजे एकतर धर्म सोडा, नाहीतर दर पिढीला तुकडे पडत जाणारी जमीन बघत राहा, नाहीतर बाहेर पडा.

लिंचांच्या वेगवेगळ्या शाखांनी या तिन्ही वाटा धरल्या. बॅरोनेट शाखेतील सहावे बॅरोनेट रॉबर्ट लिंच यांनी इंग्लंडमधील सफक परगण्यातील टोबायस ब्लॉस यांची वारसदार एलिझाबेथ बार्कर हिच्याशी विवाह केला आणि आपल्या आडनावाला ब्लॉस हे नाव जोडले. एकोणिसाव्या शतकात याच लिंच-ब्लॉस घराण्यातील एकजण वेल्समधील लँडॅफच्या अँग्लिकन कॅथीड्रलचा डीन होता, यावरून घराणे किती दूर गेले ते दिसते. बार्ना येथील शाखा गॉलवेजवळच जमीन धरून राहिली. आणि ज्यांच्या अंगात धंदा होता ते समुद्रावर गेले.

समुद्रावरच्या वाटेतील एक मुक्काम कॅरिबियन बेटांचा होता आणि तो गाळून पुढे जाणे मला प्रामाणिक वाटत नाही. मॉन्सेरातमध्ये सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात गोऱ्या वस्तीत आयरिशांचेच बहुमत होते. गॉलवेच्या ब्लेक घराण्यातील हेन्री आणि जॉन या भावांनी कर्ज फेडण्यासाठी तिकडे जाऊन साखर, तंबाखू आणि नीळ यांवर पैसा केला. हेन्रीने आपला वाटा भावाला विकून मायदेशी जमीन घेतली. गॉलवेची इतर घराणीही या व्यापारात होती. ज्या मळ्यांवर हा पैसा उगवला, तेथे आफ्रिकेतून पकडून आणलेली माणसे गुलाम म्हणून राबत होती. आपल्या मायदेशात धर्मामुळे नाडलेली ही घराणी परदेशात दुसऱ्यांना नाडण्यात मागे राहिली नाहीत. त्यांच्या वंशावळी पिढ्या न चुकवता सांगतात. त्या गुलामांच्या आईबापांची नावे मात्र मळ्यांच्या हिशेबवह्यांत बहुधा येत नाहीत.

बोर्दोची शाखा सुरू होते ती जॉन लिंच यांच्यापासून. जेम्सच्या पक्षाकडून लढलेले जॉन १६९१ च्या पराभवानंतर बोर्दोला आले, कापड आणि कातडी यांच्या व्यापारात पडले, १७०९ मध्ये गियमेत कोंस्तां हिच्याशी त्यांनी विवाह केला आणि पुढच्याच वर्षी त्यांना फ्रेंच नागरिकत्व मिळाले. त्यांचा मुलगा थॉमस याने १७४० मध्ये एलिझाबेथ ड्रुइयार हिच्याशी लग्न केले. तिचे वडील पिएर ड्रुइयार हे गियेन प्रांताचे खजिनदार होते आणि पोइयाकजवळचा बाज येथील मळा त्यांच्या मालकीचा होता. १७४९ मध्ये ते वारले आणि मळा मुलीकडे आला. जगभर ज्या मद्यामुळे लिंच हे नाव माहीत आहे, तो मळा कोणा लिंचाने लावला नाही की विकत घेतला नाही. तो एलिझाबेथच्या माहेरचा होता.

तिच्या मुलांनी मात्र तो नावारूपाला आणला. मिशेल मळा सांभाळत असे, तर थोरला ज्याँ-बाप्तिस्त कायदा शिकून बोर्दोच्या न्यायसभेत गेला, क्रांतीच्या दहशतकाळात तुरुंगात पडला, त्यातून वाचला आणि १८०९ मध्ये बोर्दोचा महापौर झाला. नेपोलियनने त्याला काउंट केले. पण नेपोलियनच्या नाकेबंदीने बोर्दोचा सागरी व्यापार गळाठला होता. १२ मार्च १८१४ रोजी ब्रिटिश सेनानी बेरेसफर्ड शहराच्या वेशीवर आला, तेव्हा या महापौराने तिरंगी पट्टा काढून टाकला आणि बुर्बों राजघराण्याचा पांढरा रंग धारण करून त्याचे स्वागत केले. अठराव्या लुईने पुढे त्याला सरदारांच्या सभागृहात जागा दिली. फ्रान्समध्ये अनेकांनी त्याला फितूर मानले आणि त्यांचा राग मी समजू शकतो. तरीही मला त्या कृतीत गॉलवेचा जुना महापौरच दिसतो. बंदर चालू राहिले पाहिजे, राजा कोणताही असो, हा त्या घराण्याचा तीनशे वर्षांचा धडा होता.

फ्रान्स आणि स्पेनमध्ये मानाची जागा हवी असेल तर कुलीनतेचा दाखला लागे, आणि येथे वंशावळीचा धंदा उभा राहिला. पदच्युत राजा जेम्सच्या सां-झेरमां येथील दरबारात जेम्स टेरी हा निर्वासित आयरिशांना वंशावळी प्रमाणित करून देत असे. अठराव्या शतकात शेव्हालिए थॉमस ओगोर्मन याने फ्रान्समधील अनेक आयरिश कुटुंबांसाठी हेच काम केले. डब्लिनचे राजकीय कुलचिन्ह कार्यालय, जे १५५२ पासून चालू होते, तेही असे दाखले देत असे. या दाखल्यांत दुकान, पिंपे आणि कातडी यांचा उल्लेख आला तर काम बिघडे. म्हणून व्यापारी पूर्वज सरदार होऊन अवतरत. एरवी ज्यांना पूर्वजांची नावे लिहून काढण्याची निकड वाटली नसती, त्यांनी ती सगळे गमावल्यावर लिहून घेतली. अशा वंशावळीतील अलीकडच्या चार-पाच पिढ्या बहुधा विश्वासार्ह असतात, त्याआधीचे मात्र पारखूनच घ्यावे.

अमेरिकेत गेलेला गॉलवेचा डॉमिनिक लिंच याचे चरित्र थोडक्यात सांगतो. तो आधी ब्रूज येथे व्यापारात स्थिरावला, १७८५ मध्ये न्यूयॉर्कला आला आणि १७९० मध्ये अमेरिकेतील कॅथलिकांनी राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन यांना जे मानपत्र दिले, त्यावर सही करणाऱ्यांत तो होता. त्याने वसवलेले लिंचव्हिल आज न्यूयॉर्क राज्यातील रोम या नावाने ओळखले जाते. त्याच नावाच्या त्याच्या मुलाने मद्याची आयात केली आणि १८२५ मध्ये न्यूयॉर्कला इटालियन ऑपेरा आणण्यात पुढाकार घेतला.

आज या घराण्याचा माग काढू पाहणाऱ्याला पहिला धक्का बसतो तो ३० जून १९२२ या तारखेचा. यादवी युद्धात डब्लिनच्या फोर कोर्ट्समधील अभिलेखागार जळाले आणि मृत्युपत्रे, जुन्या जनगणना, न्यायालयीन कागद यांची शतकेच्या शतके राख झाली. २०२२ पासून त्यांतील वाचलेल्या नकला आणि टिपणे एकत्र करून आभासी अभिलेखागार उभे राहिले आहे, हे फार मोलाचे काम आहे. परंतु माझ्या दृष्टीने सर्वांत उपयोगी साधन आहे ते डब्लिनचे दस्तनोंदणी कार्यालय, १७०८ साली स्थापन झालेले. कॅथलिकांच्या जमिनींवर लक्ष ठेवणे हाही त्याच्या स्थापनेमागचा एक हेतू होता. पण तेथे लग्नाचे करारही नोंदले जात आणि करारात वधूचे नाव, तिच्या बापाचे नाव, तिने आणलेली रक्कम आणि विधवा झाल्यास तिला मिळायची रक्कम हे सगळे येते. नगरपालिकेच्या वहीत न सापडणाऱ्या बायका येथे सापडतात. शोध घेणाऱ्याने आणखी एक पथ्य पाळावे. लिंच आडनावाचा प्रत्येक माणूस गॉलवेच्या घराण्यातला नसतो. ओ लोइंगशिग या गेलिक आडनावाच्या अनेक स्वतंत्र कुळांनीही इंग्रजीत लिंच हेच रूप घेतले आणि आज आयर्लंडमधील लिंचांत त्यांचा मोठा भरणा आहे.

राहता राहिली दक्षिण अमेरिकेची शाखा. गॉलवेजवळच्या लिडिकन येथील पॅट्रिक लिंच १७४० च्या दशकात स्पेनमधील बिल्बाओमार्गे रिओ दे ला प्लाताच्या मुखाशी पोहोचला आणि पात्रिसिओ झाला. १७४९ मध्ये ब्युनोस आयर्सला त्याने रोसा दे गालायन दे ला कामारा या वारसदार मुलीशी लग्न केले. येथेही पाया पुन्हा सासरच्या संपत्तीचा. त्यांचा मुलगा हुस्तो पास्तोर ब्युनोस आयर्सच्या जकात कार्यालयाचा प्रमुख झाला. पुढच्या पिढीतील एस्तानिस्लाओ चिलीत व्यापारी म्हणून स्थिरावला आणि त्याचा मुलगा पात्रिसिओ लिंच याने चिलीच्या नौदलात नाव काढले. पेरूबरोबरच्या युद्धात लिमा शहर चिलीच्या ताब्यात असताना १८८१ पासून तेथील कारभार त्याच्याच हाती होता. अर्जेंटिनातच राहिलेल्या शाखेतील फ्रान्सिस्को लिंच हा हुकूमशहा रोसासच्या राजवटीत देश सोडून गेला आणि अखेर कॅलिफोर्नियाला पोहोचला. तेथे त्याची मुलगी आना इसाबेल जन्मली. कुटुंब अर्जेंटिनाला परतले आणि आनाने रोबेर्तो गेवारा याच्याशी विवाह केला.

स्पॅनिश रीतीप्रमाणे मुलाला बापाचे आणि आईचे अशी दोन्ही आडनावे मिळतात. म्हणून आनाचा मुलगा एर्नेस्तो गेवारा लिंच म्हणून ओळखला गेला आणि गॉलवेच्या नोंदवहीत जी गोष्ट कधी घडली नसती ती येथे घडली: आईचे घराणे मुलाच्या नावातच टिकले. त्याचा मुलगा १९२८ साली रोसारिओ शहरात जन्मला. १९४७ मध्ये आना अखेरच्या आजारात असताना हा नातू सगळे सोडून तिच्या उशाशी येऊन बसला, त्याने तिची शुश्रूषा केली आणि तिच्या मृत्यूनंतर लवकरच ब्युनोस आयर्सला वैद्यकीय शिक्षणासाठी नाव घातले. त्याच्या आईचे आडनाव दे ला सेर्ना असल्यामुळे त्याच्या पिढीला लिंच हे नाव गळून पडले आणि जगाने त्याला चे गेवारा म्हणून ओळखले. पुरुषांच्या रांगेने वंशावळ लिहिणाऱ्या गॉलवेच्या कोणत्याही कारकुनाने त्याला लिंचांत धरले नसते. मी धरतो, आना इसाबेलच्या नात्याने.